नारायण पेठेतली गच्ची: मे महिन्याचं ऊन आणि डिसेंबरची सावली

नारायण पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. इमारत १९८६ ची, तळमजला अधिक तीन, सहा फ्लॅट. ह्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला २३० युनिट, मे महिन्यात एसीमुळे ३४०. एक सोलरवाला येऊन गेला, गच्चीचे फोटो काढले आणि म्हणाला, "३ किलोवॅट बसवा, ७८ हजार सरकार देतंय, उरलेले चार वर्षांत सुटतील." पश्चिमेला वाडा पाडून सात मजली इमारत झाली आहे. दक्षिणेला जिन्याची खोली, तिच्यावर टाकी. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, गच्ची सगळ्यांची आहे. सासूबाईंना उन्हाळी वाळवणाची काळजी. आणि शेवटचा प्रश्न: लाइट गेली तरी आपली चालू राहील ना?

ताई, फोटोत तुमची गच्ची कडेपासून कडेपर्यंत उन्हात आहे. पण ते फोटो मे महिन्यातले आहेत. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. त्या दिवसांत भर दुपारी कुणाची सावली कुणावर पडतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा ४८ अंशांच्या वर चढत नाही. मे महिन्यात गच्ची बघून सोलर ठरवणं म्हणजे उन्हाळ्यात मुठेचं पात्र बघून नदीकाठी घर घेणं.

यात मी स्वतः पोळलोय. सोलर बसवण्याच्या धंद्यात नवा होतो तेव्हा शनिवार पेठेत एका गच्चीची मापं मेमध्ये घेतली, जूनमध्ये पॅनेल बसवली. पावसाळ्यात कमी युनिट येतातच, म्हणून कोणी काही बोललं नाही. डिसेंबरात गृहस्थांचा फोन आला की ऊन कडक आहे तरी युनिट पावसाळ्याएवढीच. सकाळी साडेदहाला वर गेलो, तर शेजारच्या इमारतीची काळी टाकी आमच्या दोन पॅनेलवर आडवी पसरली होती. टाकी नव्हे, तिची सावली. पाऊण वाजेपर्यंत ती हलली नाही. सगळं स्ट्रक्चर सोडवून सहा फूट उत्तरेला घेतलं, पदरच्या पैशांनी. तेव्हापासून गिऱ्हाईक चहा ठेवतं तेवढ्यात मी टेप घेऊन आसपासच्या टाक्या मोजतो.

हिशोब सोपा आहे, तुम्हीही करू शकाल. आडवी येणारी वस्तू पॅनेलच्या पातळीपेक्षा जितकी उंच, तिच्या ०.९ पट सावली डिसेंबरात भर दुपारी उत्तरेकडे पडते. सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला ती जवळजवळ १.८ पट होते आणि तिरकी पडते. (आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमाराला, बाराला नव्हे. घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं असतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. म्हणून दुपारचा प्रत्येक तास पेठेतल्या गच्चीला जरा जास्तच मोलाचा.)

आता तुमची गच्ची. जिन्याची खोली आठ फूट आणि वर टाकी, मिळून साधारण साडेचार मीटर. पॅनेल गच्चीला टेकून बसवली, तर डिसेंबरात दुपारी चार मीटर आणि सकाळी आठ मीटर सावली. म्हणजे निम्मी गच्ची बाद. तीच पॅनेल अडीच मीटर उंच लोखंडी मांडवावर नेली, तर आडवी येणारी उंची फक्त दोन मीटर उरते. सावली दुपारी पावणेदोन मीटर, सकाळी साडेतीन. कठड्याची सावली तर मोजावीच लागत नाही. पेठेत उंच स्ट्रक्चर लोक "खाली वावरता येतं" म्हणून करतात, मी सावलीसाठी करतो. खर्च किलोवॅटमागे आठ-दहा हजारांनी वाढतो आणि वाऱ्याचा जोरही वाढतो, त्याकडे पुढे येतो.

पश्चिमेची सात मजली इमारत तुमच्या गच्चीपेक्षा नऊएक मीटर उंच आणि मध्ये पंधरा फुटांची बोळ. तिची सावली मार्च-सप्टेंबरच्या सुमाराला अडीचनंतर पश्चिमेच्या कठड्यावर चढते, साडेतीनपर्यंत निम्मी गच्ची घेते आणि पूर्वेच्या कडेला पोहोचायला सव्वाचार वाजतात. म्हणून पॅनेल पूर्वेकडच्या निम्म्या भागातच. सव्वाचारनंतरचं ऊन गेलं तरी नुकसान दिवसाच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर. ते सोसावं. मात्र पूर्वेला आज तुमचा सोलर बंब आहे. (पेठेत "आमच्याकडे सोलर आहे" म्हणजे बंब, हे आम्हाला आता पाठ झालंय. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न असतो, "पाणी तापवणारं की वीज करणारं?") बंब पश्चिमेला हलवा. त्याला सकाळपासून दोनपर्यंतचं ऊन मिळालं तरी पाणी तापतं.

थोडी सावली पडली तर इतकं काय बिघडतं, असं विचाराल. पॅनेल एकापाठोपाठ एक जोडलेली असतात, बोळात एकामागे एक स्कूटर निघाव्यात तशी. पुढची अडली की मागच्या सगळ्या अडतात. प्रत्येक पॅनेलच्या मागे तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतला भाग वगळून वीज पुढे काढतात, म्हणून सगळंच बंद पडत नाही, पण हाताएवढ्या सावलीने पॅनेलचा तिसरा हिस्सा सहज जातो. डिश अँटेनाचा दांडा, कपड्यांची दोरी, केबलवाल्याची लोंबती वायर, ह्या गोष्टी पॅनेलसमोर नकोतच.

म्हणून पेठेत चार-सहा पॅनेलचं काम असेल तर मी बहुधा मायक्रो-इन्व्हर्टर सुचवतो. (सोलरचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची एकाच दिशेने वाहणारी वीज, म्हणजे डीसी, घरात चालणाऱ्या दिशा बदलत राहणाऱ्या विजेत, म्हणजे एसीत, बदलणारी पेटी. बॅटरीवाला इन्व्हर्टर वेगळा.) प्रत्येक पॅनेलला किंवा दोघांना मिळून एक छोटा इन्व्हर्टर, त्यामुळे एकाची सावली दुसऱ्याला बाधत नाही. महाग पडतो. पण दुसरं एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साध्या इन्व्हर्टरला चार पॅनेलची मिळून दोनशे व्होल्टची डीसी वायर येते आणि उन्हात ती मेन स्विच पाडूनही जिवंतच राहते. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. जिथे जिना सागवानी आहे, मीटर लाकडी फळीवर आहेत आणि अग्निशमनची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबते, तिथे ती वायर मला खाली आणायचीच नसते. साधा इन्व्हर्टरच घ्यायचा असेल तर तो वर जिन्याच्या खोलीत बसवा आणि खाली एसी केबल न्या. ती केबल जाड घ्या. ४० मीटर खाली यायचं आणि तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर ३ किलोवॅटला पाचेक व्होल्टचा फरक पडतो, १० ची वापरली तर दोन. फरक क्षुल्लक वाटेल. पण दुपारी लाइनचा व्होल्टेज आधीच चढलेला असला, तर तेवढ्यानेच इन्व्हर्टर "जास्त व्होल्टेज" म्हणून बंद पडतो, आणि तोही नेमका कडक उन्हात. लोक पॅनेलला नावं ठेवतात, दोष वायरचा असतो.

किती किलोवॅट? आकडे तुमच्याच बिलातून घेऊ. वर्षाला २७६० युनिट लागतात. पुण्यात चांगल्या गच्चीवर १ किलोवॅट वर्षाला १४०० च्या आसपास युनिट देतो. ५५० वॉटची चार पॅनेल म्हणजे २.२ किलोवॅट, म्हणजे ३०८० युनिट. त्यातून पश्चिमेच्या इमारतीचे दहा टक्के वजा करा. उरलं ते तुमच्या गरजेएवढंच. सहा पॅनेल लावली तर जास्तीची युनिट महावितरणच्या लाइनमध्ये जाऊन तुमच्या बिलाच्या खात्यात साठत राहतील आणि ३१ मार्चला जे उरेल ते महावितरण स्वस्तात घेईल. तुम्ही जे विकत घेता त्या दराने नव्हे.

आता ते ७८ हजार. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ पासून) पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि पुढे काही नाही. तुमच्या २.२ ला ६० हजारांच्या थोडं वर मिळेल, इन्व्हर्टर २ चाच असेल तर नेमके ६०. म्हणजे सोलरवाल्याच्या सांगण्यावरून जादा दोन पॅनेल घेतली तर अनुदान चौदा ते अठरा हजारांनी वाढेल आणि खर्च साठ-पासष्ट हजारांनी. उरलेले पंचेचाळीस-पन्नास हजार न लागणाऱ्या विजेसाठी. अनुदान बघून किलोवॅट ठरवू नका. दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार असेल तर मात्र पाचव्या पॅनेलची जागा स्ट्रक्चरमध्ये आत्ताच ठेवा.

आणि बिल शून्य होईल असं कुणी म्हणालं तर स्थिर आकाराचं काय, ते विचारा. तो भरावाच लागतो. फायदा होतो तो वरच्या टप्प्यातली महाग युनिट आधी कापली जातात म्हणून. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं हेही आपल्या सोयीचं: एप्रिलमध्ये जादा झालेली युनिट खात्यात राहतात आणि जुलै-ऑगस्टच्या ढगांत खर्ची पडतात. त्या दोन महिन्यांत उत्पन्न एप्रिलच्या निम्म्याच्या जवळपास येतं, तेव्हा घाबरून फोन करू नका. एप्रिलच्या दुपारीही २.२ चा आकडा दिसणार नाही. काच साठ अंशांच्या वर तापते आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला वीज ०.३ ते ०.४ टक्के कमी होते.

लाइट गेली की तुमचं सोलरही बंद. ऊन लख्ख असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. चालू राहायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर लागतो. पेठेत लाइट किती वेळा जाते ते आठवा आणि मग ठरवा. माझं मत, नको. पंखा-दिव्यांपुरता घरातला जुना इन्व्हर्टर पुरेसा आहे.

कागदांचं सांगतो, कारण पेठेत काम अडतं ते बहुतेक इथेच. बिल कुणाच्या नावावर आहे? पेठेतल्या निम्म्या घरांत बिल आजोबांच्या नावावर येतं आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात. योजनेच्या पोर्टलवर अर्ज त्याच ग्राहक क्रमांकावर होतो, अनुदान अर्जदाराच्या बँक खात्यात येतं, आणि नावं जुळली नाहीत की सगळं तिथेच थांबतं. आधी नावबदल करून घ्या. मंजूर भार (बिलावर लिहिलेले किलोवॅट) कमी असेल तर त्याची धास्ती नको: १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते आणि भारही त्या प्रमाणात वाढवून देतात. अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर येतं. "आम्ही ते आधीच वजा करून देतो" म्हणणाऱ्याशी व्यवहार लेखी करा. अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच लागतात, बिलावर तसं लिहून घ्या. मिळकतकरातही सवलत आहे, महापालिकेत अर्ज करायला विसरू नका.

काकांचं म्हणणं बरोबर आहे, ताई. गच्चीचा हक्क तुमच्या करारनाम्यात स्वतंत्र लिहिलेला नसेल, तर ती सहा जणांची. सोसायटीचा ठराव आणि ना हरकत पत्र घेतल्याशिवाय एक बोल्टही मारू नका. सभेत "आम्हाला परवानगी द्या" म्हणून जाण्यापेक्षा मोजणी घेऊन जा: उन्हातली जागा एवढी, तिच्यात इतकी पॅनेल बसतात, सहा घरांच्या वाट्याला इतकी येतात. तुमच्या पूर्वेच्या भागात माझ्या अंदाजाने दहा-बारा बसतील, म्हणजे घरटी दोन. तुम्हाला चार हवीत, तर कुणाला नको आहेत ते लेखी यायला हवं. दुसरी वाट अशी की पंप आणि जिन्याच्या दिव्यांच्या सामाईक मीटरवर सोसायटीचंच सोलर. त्यालाही किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे. माझ्या पाहण्यात ज्या सभांमध्ये हा पर्याय आधी मांडला गेला, तिथे वैयक्तिक पॅनेलला विरोध कमी झाला.

पुनर्विकासाची चर्चा इमारतीत चालू असेल तर मात्र थांबा. बिल्डर आला की पॅनेल उतरवून ठेवायची कुठे, हा प्रश्न मी तीन घरांत पाहिलाय. १९८६ ची इमारत आणि शेजारी नवा टॉवर म्हटल्यावर कुणीतरी आकडेमोड करत असणारच. शनिवारवाड्याच्या शंभर मीटरच्या आतले लोक वर्षानुवर्षं पुरातत्त्वाच्या नियमाने अडकून बसलेत, त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण सोलरपुरतं बोलायचं तर गच्ची कुठेही जाणार नाही याची खात्री त्यांनाच आहे. वाड्यांचं मात्र एका वाक्यात: कौलारू आढ्यावर आणि मातीच्या भिंतींवर मी काम घेत नाही. वजनाचं सोडा, वाऱ्याने वर ओढलं जाणं त्या लाकडांना झेपत नाही.

प्रत्यक्ष कामाकडे येतो. तुमच्या गच्चीला चायना मोझॅक असेल आणि खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर), तर त्याला भोक पाडू देऊ नका. पहिल्या पावसात ओल तुमच्याच छताला येईल. उंच स्ट्रक्चरचे खांब शक्यतो इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावर यावेत, नाहीतर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांच्यात बसवावेत. अडीच मीटरवर वारा चांगलाच खेचतो, म्हणून ठोकळ्याचं वजन फॅब्रिकेटरच्या अंदाजाने नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने हवं. लोखंड गरम जस्तात बुडवून काढलेलं, नुसतं रंगवलेलं नको.

पॅनेल वर कशी न्यायची ते बसवणाऱ्याला आधी विचारा. एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद, २८ किलोच्या आसपास. तुमच्या जिन्याच्या वळणावर ते फिरणार नाही. टेम्पो बोळात येत नाही, तो लक्ष्मी रस्त्यापाशी उभा करून हातगाडीने आणावं लागतं आणि बाहेरून दोरांनी वर ओढावं लागतं. आम्ही हे सकाळी सहाला करतो. पेपरवाला आणि दूधवाला सोडून बोळात कुणी नसतं. दोघे वर, एक मधल्या गॅलरीत काच भिंतीला आपटू नये म्हणून गोधडी धरून, आणि एक खाली फक्त वायरींकडे बघत. मागे एकदा मधल्या गॅलरीतल्या आजी स्वतःच गोधडी घेऊन उभ्या राहिल्या आणि चौथं पॅनेल वर गेल्यावर म्हणाल्या, "आता चहा, मग पुढचं." गणपतीच्या आधीचे आठ दिवस आणि गणपतीचे दहा, हे काम काढूच नका. रस्ते बंद.

अर्थिंगचे तीन खड्डे लागतात: डीसी, एसी आणि वीजरोधकाचा (आकाशातली वीज झेलणाऱ्या दांड्याचा). पेठेत माती कुठे आहे? सगळी फरशी, आणि फरशीखाली पाण्याची नळी, ड्रेनेज आणि कुणाची तरी जुनी केबल. खणण्याआधी प्लंबरला बोलवा. अर्थिंगची तार नुसती गटारात सोडून तिन्ही "झाली" म्हणणारे मी पाहिलेत. मीटरने मोजून दाखवायला सांगा.

देखभाल फारशी नाही, पण कबुतरं आहेत. खालून बंद असलेल्या पॅनेलखाली ती दोन महिन्यांत घरटं करतात. तुमचं स्ट्रक्चर उंच आणि मोकळं, म्हणून त्रास कमी, तरी वर बसून घाण करतीलच. विष्ठेचा एक डाग म्हणजे कायमची सावली, आणि तिथे काच तापते. दर पंधरा दिवसांनी सकाळी, ऊन चढायच्या आत, पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. बोअरचं पाणी नको, क्षाराचे पांढरे डाग बसतात. महापालिकेचं एक बादली पुरतं.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. सोलरवाल्याने सांगितलं असेल की मांडवाखाली खुशाल वाळवण घाला. त्याच्या घरी कुरडया सावलीत वाळत असतील तर माहीत नाही. दक्षिणेला जिन्याच्या खोलीच्या पूर्वेची जी पट्टी उरते ती मोकळी ठेवायला सांगा, साधारण आठ फूट रुंद. मार्च ते मे तिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन असतं. सासूबाईंनाच खडू देऊन वर पाठवा, साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीनला सावलीच्या कडेवर रेघा ओढायला. त्या रेघांचा आणि टाकीच्या उंचीचा फोटो मला पाठवा, मग डिसेंबरचं चित्र मी काढून देतो.